पद्मिनीला बॅटरी कुठली टाकायची?

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून उतरली. टॅक्सी संपल्या, पण लोकांनी घरी जपलेल्या पद्मिनी संपलेल्या नाहीत. उलट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1974 पासून हे नाव घेऊन निघालेल्या पहिल्या गाड्यांनी आता पन्नाशी गाठली आहे. मूळ रूपात राखलेल्या अशा गाड्यांना केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज क्रमांक मिळू शकतो. मात्र तो घेतला की गाडी रोजच्या वापरात चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. नंबर घेतला नाही तरी एरवीही या गाड्या फिरतात कमी आणि उभ्या जास्त राहतात. आणि उभ्या गाडीत सगळ्यात आधी मान टाकते ती बॅटरी.

मग मालक बॅटरीच्या दुकानात जातो. दुकानदाराच्या तक्त्यात आजच्या सगळ्या गाड्या असतात, पद्मिनी बहुधा नसते. ट्रेमध्ये जी मावेल ती तो पुढे करतो आणि मालकही सांगतो, “जरा मोठीच द्या, परत कटकट नको.” माझा आक्षेप या ‘मोठीच द्या’ला आहे. जुन्या गाडीची बॅटरी ठरवताना दोन गोष्टी आधी बघायच्या असतात: गाडी बॅटरी भरते कशी आणि उभी किती राहते. क्षमतेचा आकडा, ब्रँड, वॉरंटी हे सगळं त्यानंतर.

त्याही आधी, बॅटरी खरंच गेली आहे का ते बघा. सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टक’ वाजलं की आपण बॅटरीला दोष देऊन मोकळे होतो. एक साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी काही चालू करण्याआधी बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. 12.6 व्होल्ट किंवा त्याहून थोडं जास्त दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसवर, दुसरी थेट इंजिनच्या घासून साफ केलेल्या धातूवर धरा. सेल्फ फिरत असताना तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर दोष अर्थच्या पट्टीत आहे. पन्नास पावसाळे पाहिलेल्या गाडीत ही पट्टी आतून हिरवी पडलेली असते. ती बदलायला फार पैसे लागत नाहीत. बॅटरीला झाकणं असतील तर हायड्रोमीटरने सहाही सेल तपासा. एखाद्या सेलचं माप बाकीच्यांहून 0.050 ने खाली असेल, तर तो सेल गेला. अशा बॅटरीला चार्जिंगला टाकून काही उपयोग नाही, ती बदलावीच लागते.

आता बॉनेट उघडून पट्ट्यावर काय फिरतंय ते पाहा. लांबट, सडपातळ नळकांडं असेल तर तो डायनॅमो. आखूड, जाड आणि जाळीदार असेल तर ऑल्टरनेटर. पुष्कळ मालकांनी मधल्या काळात डायनॅमो काढून ऑल्टरनेटर बसवला आहे, त्यामुळे पुस्तकात काय लिहिलंय यावर न जाता डोळ्यांनी खात्री करा. हा फरक मोठा आहे. साठच्या दशकातल्या अनेक ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत असलेला लुकासचा सी-40 डायनॅमो जास्तीत जास्त 22 अँपिअर देतो, तोही इंजिन चांगल्या वेगात फिरत असताना. आजच्या साध्या हॅचबॅकचा ऑल्टरनेटर याच्या तिप्पट-चौपट देतो. सिग्नलला इंजिन आयडलवर आलं की डायनॅमोतून जवळपास काहीच निघत नाही, डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणतो तो म्हणूनच. हेडलाइट आणि मागचे दिवे लावले की आठ-दहा अँपिअर तिथेच गेले. संध्याकाळी लक्ष्मी रोडच्या गर्दीतून दिवे लावून घरी आलेली डायनॅमोवाली गाडी निघताना होती त्याहून कमी भरलेली बॅटरी घेऊन परत येते.

अशा गाडीत 65 अँपिअर-तासाची बॅटरी टाकली म्हणून सेल्फ जोरात फिरत नाही. सेल्फची मोटर तिला लागतो तेवढाच करंट ओढते. आणि सेल्फ बॅटरी फार खातो हा समजही चुकीचा आहे. 200 अँपिअर ओढून तो तीन सेकंद फिरला तरी हिशेब होतो एका अँपिअर-तासाच्या सहाव्या हिश्श्याचा. मोठी बॅटरी उभ्या गाडीत थोडे दिवस जास्त तग धरेल, एवढाच तिचा फायदा. पण एकदा उतरली की ती भरायला त्या बिचाऱ्या डायनॅमोला तितकाच जास्त वेळ राबावं लागतं आणि महिन्यातून एकदा पेट्रोल पंपापर्यंत जाणाऱ्या गाडीत तो वेळ कधी मिळतच नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात, आणि ते एकदा धरले की पुरते सुटत नाहीत. पद्मिनीच्या 1089 सीसी पेट्रोल इंजिनाला 35 ते 45 अँपिअर-तास पुरेसे आहेत. डिझेलची पद्मिनी असेल तर गोष्ट वेगळी, तिला मोठी लागतेच.

बॅटरीवर ‘सीसीए’ हा आकडा ठळक छापलेला असतो. तो उणे 18 अंश तापमानात बॅटरी किती करंट देईल हे सांगतो. तुमची गाडी नागपुरात उभी असेल तर तिला मारणार आहे तो मे महिना. उष्णतेने पाणी उडतं, प्लेटा झिजतात आणि बॅटरी जागच्या जागी उतरण्याचा वेगही वाढतो. या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका.

प्रकारांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डायनॅमो आणि जुना कटआउट (चार्जिंगचा रेग्युलेटर) असलेल्या गाडीत झाकणं उघडणारी, पाणी घालता येणारी साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी घ्या. जुना रेग्युलेटर कधी कमी व्होल्ट देतो, कधी जास्त. जास्त दिले तर साध्या बॅटरीचं पाणी उडतं आणि आपण डिस्टिल्ड वॉटर घालून ते भरून काढतो. तेच सीलबंद एजीएम बॅटरीत झालं तर उडालेलं पाणी परत घालायची सोय नाही. ‘मेंटेनन्स-फ्री’ कॅल्शियम बॅटरी उभ्या गाडीत सावकाश उतरते हे खरं, पण तिला पूर्ण भरायला जरा चढे व्होल्ट लागतात आणि पुरती उतरली की ती नीट सावरत नाही. ऑल्टरनेटर बसवलेला असेल आणि तो 14.2 ते 14.4 व्होल्ट स्थिर देत असेल, तर मात्र ती खुशाल घ्या. एजीएमला एक जागा आहे: जुन्या बीटलसारखी गाडी, जिच्यात बॅटरी मागच्या सीटखाली असते. तिथे अ‍ॅसिडची वाफ सीटच्या स्प्रिंगा आणि पत्रा खाते. लिथियमची हलकी बॅटरी तर डायनॅमोच्या जुन्या कटआउटवर लावूच नये. तिला चार्जिंग मोजून-मापून लागतं आणि ते या यंत्रणेला जमत नाही.

आता माप. 38बी20एल असं काही लिहिलेलं असतं, ते जपानी पद्धतीचं नाव आहे. पहिला आकडा ताकदीचा, ‘बी’ रुंदी-उंचीचा गट, 20 म्हणजे लांबी सुमारे 20 सेंटिमीटर आणि शेवटचं अक्षर प्लस टर्मिनल कोणत्या बाजूला ते सांगतं. या शेवटच्या अक्षरात गफलत झाली की केबल पुरत नाही आणि मग ती ताणून, वाकवून कशीबशी जोडली जाते. घरून निघताना ट्रेची लांबी-रुंदी, बॉनेटपर्यंतची उंची आणि प्लसची बाजू कागदावर लिहून न्या. बॅटरी फार उंच निघाली आणि बॉनेटचा पत्रा प्लसला टेकला, तर जाळ व्हायला वेळ लागत नाही.

टर्मिनलची जाडीही बघा. लहान जपानी मापाच्या बॅटऱ्यांचे टर्मिनल बारीक असतात, जुन्या गाडीचे क्लॅम्प जाड टर्मिनलसाठी केलेले. मग रस्त्यावरच्या दुकानात एक प्रकार हमखास होतो. कारागीर क्लॅम्प टर्मिनलवर चढवतो, तो सैल हलतो, की डब्यातून एक लोखंडी स्क्रू काढतो, फटीत उभा धरतो आणि हातोडीने ठोकून बसवतो. क्लॅम्प घट्ट होतो, सेल्फ लागतो, गिऱ्हाईक खूश. पण शिसं मऊ असतं. स्क्रू त्यात रुततो, ठोक्याने टर्मिनलच्या बुडाचं सील हलतं, तिथून अ‍ॅसिड झिरपायला लागतं आणि वर्षभरात क्लॅम्पवर पांढरी-हिरवी पावडर साचते. त्याला थांबवा. बारीक टर्मिनलवर चढवायच्या शिशाच्या टोप्या मिळतात. त्या घाला आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा.

दुकानातच मीटर लावून बघा. 12.5 च्या खाली असेल तर ती बॅटरी शेल्फवर पडून उतरलेली आहे, दुसरी मागा. कोरडी ठेवलेली, समोर अ‍ॅसिड भरून देतात ती ‘ड्राय चार्ज’ बॅटरी मिळाली तर उत्तमच.

पद्मिनीपेक्षा म्हाताऱ्या गाड्यांच्या मालकांनी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. जुन्या विलीज जीप, साठीतल्या बीटल या बहुतेक 6 व्होल्टच्या. सरळ 12 व्होल्टची बॅटरी जोडली तर बल्ब आणि कॉइल जातील. आणि मॉरिस मायनरसारख्या ब्रिटिश गाड्यांत प्लस बॉडीला जोडलेला असतो. तिथे सवयीने मायनस बॉडीला लावला तर रेडिओ जळतो, मागून बसवलेला ऑल्टरनेटर असेल तर त्याचे डायोड उडतात. फियाटच्या घराण्यात मायनसच बॉडीला असतो. गाडी कोणतीही असो, बॅटरी काढताना बॉडीची तार आधी सोडायची आणि लावताना ती शेवटी लावायची. पाना घसरून ठिणगी पडू नये म्हणून ही रीत आहे. चार्जिंगनंतर बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.

नवी बॅटरी घरी आली, पुढे काय? पद्मिनीत मुळात बॅटरी चोरून खाणारं फारसं काही नाही. पण नंतर बसवलेली म्युझिक सिस्टीम बंद असतानाही आठवणीपुरते 20 मिलिअँपिअर ओढत असेल, तर महिन्याला 14 अँपिअर-तासांहून जास्त जातात, म्हणजे 35 च्या बॅटरीचा चाळीस टक्के साठा. म्हणून मायनसला हाताने फिरवायचा कट-ऑफ स्विच लावून घ्या. पार्किंगमध्ये प्लग असेल तर 13.2 ते 13.6 व्होल्टवर स्वतः थांबणारा मेंटेनन्स चार्जर लावून ठेवा. सोसायटीत प्लग नसेल तर महिन्या-दीड महिन्याने बॅटरी काढून हवेशीर जागी चार्ज करा. दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करण्याची सवय मात्र सोडा. डायनॅमोच्या गाडीत त्याने बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं ते वेगळंच.

पाणी डिस्टिल्डच घाला, प्लेटा बुडतील एवढंच. आरओच्या पाण्यात क्षार उरतात, एसीच्या नळीतून गळणाऱ्या पाण्यात धूळ आणि धातूचे कण असतात. दोन्ही बॅटरीत नकोत. पातळी कमी झाली म्हणून अ‍ॅसिड तर कधीच घालू नका.

आणि जुनी बॅटरी अंगणात किंवा जिन्याखाली ठेवू नका, गल्लीतल्या भंगारवाल्यालाही देऊ नका. तो अ‍ॅसिड गटारात ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवणाऱ्यांच्या हाती जातं. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम, 2022 प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. अधिकृत विक्रेता ती वजनावर घेतो आणि नव्या बॅटरीच्या बिलातून तेवढी रक्कम वजा करतो. ती वजावट बिलावर लिहून घ्या.