फोन चार्ज होतो, पण गाडीच्या स्क्रीनवर दिसत नाही? आधी केबल बदला

फोन गाडीला जोडला, चार्जिंगही सुरू झाले. पण डिस्प्लेवर नकाशा काही येत नाही. मग फोन मांडीवर ठेवून रस्ता शोधला जातो आणि नेमकी घाटातल्या वळणावर नजर खाली जाते. धोका तिथेच असतो.

अनेकदा दोष फोनचाही नसतो आणि गाडीचाही. तो असतो केबलचा. काही स्वस्त केबलमध्ये फक्त वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या नसतात. त्यामुळे फोन चार्ज होतो, पण गाडी त्याला ओळखत नाही. अँड्रॉइड ऑटोसाठी गुगल तीन फुटांपेक्षा लहान, चांगल्या दर्जाची केबल सुचवते. पोर्टही तपासा, गाडीतला प्रत्येक यूएसबी पोर्ट डेटासाठी नसतो, मागच्या सीटजवळचा तर बहुधा नुसता चार्जिंगचा.

तरीही जमले नाही, तर दोन्हीकडच्या ब्लूटूथ यादीतून जुनी जोडणी काढून टाका आणि नव्याने जोडा. वायरलेस जोडणीत ब्लूटूथ फक्त ओळख करून देते, पुढचे काम वाय-फायचे. ते बंद नको. आयफोनवर सिरी बंद असेल तर कारप्ले चालत नाही.

पहिल्या जोडणीसाठी गाडी उभी लागते. त्यामुळे हे सगळे निघण्यापूर्वी, पार्किंगमध्येच उरकून घ्या.