कंपनीचा प्रमुख शिक्षक होतो तेव्हा

"तिजारत पुस्तकातून येत नाही, गादीवर बसून येते," असे आपल्या बाजारात नेहमी ऐकायला मिळते. त्यात खोटे काही नाही. पण गादीवर बसून जे कमावले ते पुढच्याच्या हाती द्यायचे कसे, याचे उत्तर आपल्यापैकी फार थोड्यांजवळ आहे. तीस-तीस वर्षे दुकान सांभाळलेला माणूस मुलाला भाव सांगतो, कापडाची परख शिकवतो, पार्ट्यांची ओळख करून देतो. आपण निर्णय कसे घेतले आणि कुठे चुकलो, हे मात्र तो सांगत नाही. तो जातो तेव्हा हा सगळा तजुर्बा त्याच्याबरोबर जातो.

परदेशात मोठ्या कंपन्यांचे काही प्रमुख निवृत्तीनंतर व्यवस्थापन शिकवण्याकडे वळले आहेत. त्यांच्यापैकी एकाची हकीकत आज वाचकांपुढे ठेवतो. कंपनी अब्जावधी डॉलर्सची असली तरी तिच्यातला धडा आपल्या दुकानाच्या आणि कारखान्याच्या मापाचा आहे.

हृदयाच्या यंत्राची कंपनी

या गृहस्थांचे नाव बिल जॉर्ज. जन्म 1942 सालचा, अमेरिकेतील मिशिगन राज्यातला. शिक्षणाने ते इंजिनिअर. 1966 साली त्यांनी हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून एम.बी.ए. केले. पुढे लिटन आणि हनीवेल या मोठ्या कंपन्यांत वरच्या जागांवर काम केले. 1989 साली ते मेडट्रॉनिक या कंपनीत आले. ही कंपनी 1949 साली मिनिआपोलिस शहरात एका गॅरेजमध्ये, दवाखान्यांची विद्युत उपकरणे दुरुस्त करण्यासाठी सुरू झाली होती. तिचे एक संस्थापक अर्ल बाकेन यांनी 1957 साली अंगावर बाळगता येईल असा, बॅटरीवर चालणारा पेसमेकर तयार केला. पेसमेकर म्हणजे हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणारे यंत्र.

बिल जॉर्ज 1991 ते 2001 या दहा वर्षांत मेडट्रॉनिकचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. या काळात कंपनीचे बाजारमूल्य सुमारे 1.1 अब्ज डॉलर्सवरून 60 अब्ज डॉलर्सवर गेले. दहा वर्षांपेक्षा जास्त या खुर्चीवर बसणार नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगून ठेवले होते. धंदा भरभराटीत असताना त्यांनी शब्द पाळला.

तोंडावर आलेली तक्रार

त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांतला एक प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. ते कंपनीच्या विक्री प्रतिनिधीसोबत एक शस्त्रक्रिया पाहायला गेले होते. हृदयाच्या रक्तवाहिनीत घालायची कंपनीची नळी ऐन वेळी तुटली. संतापलेल्या डॉक्टरने ती रक्ताने माखलेली नळी थेट जॉर्ज यांच्या दिशेने फेकली. नंतर त्यांनी प्रतिनिधीला विचारले, असे याआधी झाले होते काय? झाले होते आणि त्याने ते कळवलेही होते. पण त्याचा कागद एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत राहिला. ज्यांनी ती नळी बनवली त्यांच्यापर्यंत तक्रार धडपणे पोचतच नव्हती. पुढे जॉर्ज यांनी स्वतः शेकडो शस्त्रक्रिया उभे राहून पाहिल्या.

आपल्या धंद्यातही हेच होते. कापडाचा रंग उतरला किंवा ताग्यात डाग निघाला तर गिऱ्हाईक दुकानदाराला सांगतो, दुकानदार दलालाला आणि दलाल मालकाला. मालक पैसे कापून मोकळा होतो. ज्या मागावर खोट झाली त्या कारागिराला काही कळत नाही आणि पुढचा तागाही तसाच उतरतो.

वर्गात काय शिकवले

कंपनी सोडल्यावर जॉर्ज यांनी स्वित्झर्लंडमधील आय.एम.डी. आणि अमेरिकेतील येल येथे शिकवले. 2004 साली ते हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये प्राध्यापक झाले. तिथे अशा लोकांसाठी 'व्यवस्थापन-व्यवहाराचे प्राध्यापक' असे वेगळे पद आहे. आयुष्य कामधंद्यात गेलेल्या माणसाला वर्गात आणण्याचा तो रस्ता आहे.

1908 साली स्थापन झालेल्या या संस्थेत भाषणापेक्षा 'केस' पद्धतीवर भर आहे. एखाद्या कंपनीची खरी परिस्थिती विद्यार्थ्यांपुढे ठेवतात आणि ऐन निर्णयाच्या वेळेवर आणून थांबवतात. मग शिक्षक विचारतो, तुम्ही त्या खुर्चीवर असतात तर काय केले असते? विद्यार्थी वाद घालतात आणि शिक्षक शक्यतो प्रश्नच विचारत राहतो. जॉर्ज यांनी आपल्या अभ्यासक्रमात आणखी एक गोष्ट आणली. सहा-सहा विद्यार्थ्यांचे छोटे गट एकत्र बसतात आणि आपल्या आयुष्यातील कठीण प्रसंग व अपयश एकमेकांपुढे मांडतात.

ते स्वतःचे अपयश आधी सांगतात. कॉलेजात असताना ते विद्यार्थ्यांच्या निवडणुका लागोपाठ हरले. शेवटी वरच्या वर्गातील मित्रांनी सांगितले, तू फक्त स्वतः पुढे जायचे बघतोस, तुझ्यामागे कोण येणार? हा घाव त्यांनी लपवला नाही, त्याचाच धडा केला.

2007 साली त्यांचे 'ट्रू नॉर्थ' हे पुस्तक आले. त्यासाठी 125 नेतृत्व करणाऱ्या लोकांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. मुलाखतींच्या सुमारे 3,000 पानांतून सर्वांना लागू पडेल असा एकही ठराविक गुण निघाला नाही. प्रत्येकाची रीत त्याच्या आयुष्यात जे घडले त्यातून तयार झाली होती.

दुसरी बाजूही आहे

या शिकवणीवर आक्षेप घेणारेही आहेत. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जेफ्री फेफर यांनी 2015 सालच्या आपल्या पुस्तकात, नेतृत्वाच्या गोड गोष्टी आणि कंपन्यांतला खरा व्यवहार यांत मोठे अंतर आहे, असे ठणकावून सांगितले. हा इशारा ध्यानात ठेवायला हवा. यशस्वी माणूस सांगतो म्हणून सगळे खरे मानू नये. त्याने नफा सांगितला तर तोटाही विचारावा.

माझाच दाखला देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका पार्टीला मी उधारीवर माल देत होतो. पहिली दोन बिले वेळेवर आली. मग ऑर्डर वाढत गेली आणि पैसे यायला उशीर होत गेला. मोठी रक्कम अडकली आणि शेवटी बुडाली. शरमेपोटी घरात बोललो नाही, वह्या माळ्यावर टाकल्या. पुढे मुलगा दुकानात बसू लागला. त्याने दुसऱ्या एका पार्टीला अगदी त्याच चालीने माल दिला आणि तसाच फसला. मी त्याला रागावलो. तो म्हणाला, "अब्बा, तुम्हाला ही चाल माहीत होती, तर आधी का नाही सांगितली?" माझ्याजवळ जवाब नव्हता. एकच नुकसान आमच्या घराने दोनदा सोसले होते.

आपण काय करू शकतो

शिकवण्यासाठी हार्वर्डला जावे लागत नाही. उस्ताद-शागीर्दाची रीत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. तिने हाताचा हुन्नर टिकवला, आता निर्णयाचा हुन्नरही तिच्यातून द्यायला हवा. त्यासाठी चार गोष्टी कराव्यात.

1. आपल्या धंद्यातला एक फसलेला आणि एक साधलेला सौदा वहीत लिहावा. माल, भाव, उधारीची मुदत आणि त्या दिवशी आपल्याला काय माहीत होते, एवढेच लिहावे.

2. मुलाला किंवा शागीर्दाला तो वाचून दाखवावा आणि निर्णयाच्या जागी थांबावे. "तू काय केले असतेस?" असे विचारून त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे. मध्येच तोडू नये.

3. त्यानंतरच आपण काय केले आणि त्याची किती किंमत मोजली, ते सांगावे.

4. जिथे जुम्म्याला माग बंद असतात, तिथे पाच-सहा तरुणांना महिन्यातून एकदा एकत्र बसवावे. गिऱ्हाइकांच्या तक्रारी त्या बैठकीत कारागिरांसमोर ठेवाव्यात.

सरकारी पातळीवरही एक दरवाजा उघडला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार आपल्या क्षेत्रात किमान 15 वर्षांचा अनुभव आणि नाव असलेल्या व्यक्तीला, पीएच.डी. नसली तरी, उच्च शिक्षण संस्था शिकवण्यासाठी नेमू शकतात. मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. 2023 साली आयोगाने कलाकार आणि कारागिरांना महाविद्यालयांशी जोडण्यासाठी वेगळ्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदाही पुढे आणला. नेमणूक करायची की नाही, हे संस्थेच्या हाती असते. पण कामाचा तजुर्बाही इल्म आहे, ही गोष्ट त्यातून मान्य झाली आहे.

आपल्या पिढीने दुकाने, माग आणि गिऱ्हाइके पुढच्या पिढीसाठी ठेवली. आपल्या चुकांची वहीही त्यांच्या हाती द्यावी. ती माळ्यावर राहिली, तर मुलांना तीच फी पुन्हा भरावी लागेल.