प्लॅन ३०० एमबीपीएसचा, स्पीड मात्र ९५? आधी लॅन केबल बघा!

स्पीड टेस्टचा काटा ९५च्या आसपास अडकतोय? कंपनीला फोन लावण्याआधी राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत आलेली केबल तपासा.

लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएससाठी त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, १ जीबीपीएससाठी मात्र चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा जॅकमध्ये नीट बसली नाही, तर अनेकदा नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. म्हणून कुणाला शंकाही येत नाही. (राउटरचा पोर्टच १०० चा असेल, तर केबल बदलूनही फरक पडणार नाही.)

नवीन केबल घ्यायची तर कोणती? कॅट ५ई १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस देते. कॅट ६ वर साधारण ५५ मीटरपर्यंत १० जीबीपीएस मिळू शकतं, आणि फ्लॅटमध्ये एवढं अंतर येतंच कुठे? भिंतीतून वायरिंग करणार असाल तर कॅट ६ घ्या. कॅट ८ डेटा सेंटरसाठी आहे. तुमचा प्लॅन १०० चा असेल, तर ती लावूनही १००च मिळणार!

खरी फसवणूक या आकड्यात नसते, तारेत असते. बाजारात 'सीसीए' केबल स्वस्तात मिळते. आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा पातळ मुलामा. कॅट ६ च्या मानकांना शुद्ध तांबंच लागतं. ॲल्युमिनियमची तार वाकवली की लवकर तुटते आणि तिचा विद्युतरोधही जास्त असतो. दुकानात किंवा छोट्या ऑफिसात ज्या कॅमेऱ्यांना वीजही याच केबलमधून जाते, तिथे लांब अंतरावर व्होल्टेज कमी पडतं, केबल तापते.

ओळखायचं कसं? तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरट चंदेरी निघाली, तर परत करा. शुद्ध तांब्याचा बॉक्स उचलतानाच जड लागतो. बिलावर 'शुद्ध तांबे' असं लिहून घ्यायला लाजू नका.

केबल थेट प्लास्टरमध्ये गाडू नका, पाइपमधूनच न्या, म्हणजे पुढे भिंत न फोडता बदलता येईल. विजेच्या वायरींचा पाइप वेगळा ठेवा. आणि इलेक्ट्रिशियनचा हिशोब चुकता करण्याआधी टेस्टर लावायला सांगा: आठही दिवे क्रमाने लागले पाहिजेत.