ब्रँडेड की असेंबल? आधी घरातला प्लग तपासा

दहावी-बारावीचे निकाल लागले की मंगरूळपीरच्या बऱ्याच घरांत कॉम्प्युटरचा विषय निघतो. मामा सांगतात, "कंपनीचाच घ्या, मागे कटकट नको." शेजारचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, "काकाजी, असेंबल करून घ्या ना, तेवढ्याच पैशात भारी मशीन बनते." मग प्रोसेसर कोणता, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड हवे की नको, यावर चर्चा रंगते. मात्र ज्या भिंतीतल्या प्लगमध्ये ते यंत्र जोडायचे, त्या प्लगबद्दल कुणी बोलत नाही. मेमध्ये ज्या खोलीत ते चालणार, तिच्याबद्दलही नाही. वाशिम जिल्ह्यातल्या घरासाठी मला हेच दोन प्रश्न पहिले वाटतात. त्यांची उत्तरे मिळाली की ब्रँडेड की असेंबल हा गुंता निम्मा सुटतो.

सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवता येतो, याचे मूळ १९८१ मध्ये आहे. त्या वर्षीच्या १२ ऑगस्टला आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. काम लवकर उरकायचे होते म्हणून कंपनीने जवळपास सगळे भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. यंत्राची रचनाही तिने उघड ठेवली. तेच भाग घेऊन दुसऱ्या कंपन्या तसेच यंत्र बनवू लागल्या आणि पुढे छोटे दुकानदारही. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचे माप ठरवून दिले. मदरबोर्डचे स्क्रू कुठे बसतील, वीजपुरवठ्याच्या डब्याचा आकार केवढा असेल, त्याच्या तारांच्या टोकाला कोणता कनेक्टर असेल, हे सगळे त्यात आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेतलेला मदरबोर्ड अकोल्यात घेतलेल्या कॅबिनेटमध्ये बसतो, तो या मापामुळे.

आता प्लगकडे येऊ. आपल्याकडच्या विजेचा ठरलेला दाब २३० व्होल्ट. प्रत्यक्षात ओलिताच्या दिवसांत मोटारी सुरू झाल्या आणि डीपीवर भार वाढला की गावाच्या टोकाच्या घरात तो बराच खाली येतो. पंखा मंदावतो, ट्यूबलाइट लागत नाही. कॉम्प्युटर मात्र मंदावत नाही. त्याच्यातला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, आतल्या भागांना लागेल तेवढी शक्ती पुरवतच राहतो. दाब कमी झाला की तेवढ्याच शक्तीसाठी तो जास्त प्रवाह ओढतो. समजा यंत्राला १५० वॅट लागतात. २३० व्होल्टवर प्रवाह साधारण ०.६५ अँपिअर असतो, १६० व्होल्टवर तो ०.९४ होतो. तारेत आणि डब्यातल्या भागांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दीडपटीच्या जवळ गेला तर ही उष्णता दुपटीवर जाते. वरून सगळे सुरळीत दिसते आणि डबा आतून भाजत राहतो.

असेंबल यंत्रात पैसे वाचवायचे झाले की कात्री सगळ्यात आधी याच डब्यावर चालते. गिऱ्हाईक प्रोसेसरचे नाव विचारतो, रॅमचा आकडा विचारतो. एसएमपीएसची कंपनी विचारणारा विरळाच. मग कॅबिनेटसोबत आलेला, वर ४५० वॅट छापलेला हलका डबा तसाच ठेवला जातो. चांगल्या डब्याचे वजनसुद्धा हाताला जाणवते, कारण आत पुरेशा मापाचे ट्रान्सफॉर्मर, कॅपॅसिटर आणि उष्णता शोषणारे धातूचे पंख असतात. २००४ पासून '८० प्लस' नावाची एक कसोटी आहे. घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज आतल्या भागांपर्यंत पोहोचवणाऱ्या डब्यालाच तो शिक्का मिळतो. उरलेल्या विजेची उष्णता होते. शिक्का असलेले बरेचसे डबे १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब पेलतात. आपल्या भागात याचे मोल मोठे आहे.

वीज अचानक जाते तेव्हाचा खेळ मिलिसेकंदांचा असतो. एसएमपीएसमधला मोठा कॅपॅसिटर म्हणजे गच्चीवरची छोटी टाकी. नळ बंद झाला तरी थोडा वेळ पाणी पुरते. ठरलेल्या मानकाप्रमाणे हा वेळ साधारण १६ ते १७ मिलिसेकंद. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. याचा अर्थ, एक पूर्ण आवर्तन चुकले तरी भार असलेले यंत्र बंद पडू शकते. कॉम्प्युटरसाठी बनवलेला यूपीएस सहसा १० मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर येतो, त्यामुळे यंत्राला काही कळत नाही. घरातल्या साध्या इन्व्हर्टरला यापेक्षा जास्त वेळ लागतो. दिवे नुसते लुकलुकतात, पंखा फिरत राहतो आणि कॉम्प्युटर तेवढा रीस्टार्ट होतो, तो यामुळे. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचे बटण असते. ते एकदा दाबून पाहावे, तक्रार कधी कधी तिथेच मिटते. टाकी रिकामी होण्याचा वेळ स्वस्त डब्यात अजून कमी असतो, कारण मोठा कॅपॅसिटर महाग पडतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते. लोक दुकानदाराला दोष देतात, यंत्र बदलून मागतात. पण यंत्र बहुधा ठीक असते. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारी एक जाळी असते. तिच्यातले दोन लहान कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात आणि तिथून तो गोंगाट अर्थिंगच्या तारेने जमिनीत जातो. अर्थिंगच नसेल तर पत्रा दोन्हींच्या मध्ये अधांतरी राहतो आणि त्यावर निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, बसतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या आतली एखादी तार सुटून पत्र्याला टेकली, तर तोच पत्रा जिवावर बेतू शकतो. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत यात आणखी एक अडचण आहे. ही माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते. पावसाळ्यात नीट चालणारे अर्थिंग एप्रिल-मेमध्ये निकामी होते. त्या दिवसांत खड्ड्यात पाणी सोडत राहावे लागते. कंपनीचा महागडा डेस्कटॉप असो की जोडून घेतलेला, या बाबतीत दोघांची गत एकच.

आता उन्हाळा. आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे सहज जातो. प्रोसेसरचे तापमान हे खोलीचे तापमान अधिक कामाची उष्णता असे बनते. पंखा कितीही मोठा लावला तरी चिप खोलीपेक्षा थंड होत नाही. २८ अंशांच्या खोलीत एखादा प्रोसेसर जोराच्या कामात ७८ अंशांवर राहत असेल, तर ४३ अंशांच्या खोलीत तो ९३ वर जाईल. शंभरीच्या आसपास पोहोचला की बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. जास्त पैसे मोजून घेतलेला वेग दुपारी दोन वाजता हाती लागत नाही. कॅपॅसिटरचे दुखणे वेगळेच. त्यातला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे.

म्हणून कंपनीचा डेस्कटॉप घ्यायचा असेल तर वहीसारखा चपटा डबा मी सुचवणार नाही. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयात तो शोभतो. आपल्याकडे उभा, थोडा मोठा टॉवर घ्यावा. असेंबल करताना हवा खेळणारे, पुढे जाळी असलेले कॅबिनेट आणि वेगळा चांगला कूलर निवडता येतो. हा असेंबलचा खरा फायदा आहे. पण याच वेळी बरेच जण पुढून काचेने बंद, आतून रंगीत दिवे असलेले कॅबिनेट पसंत करतात. सोयाबीनची मळणी सुरू झाली की हवेत जी धूळ उडते तीही लक्षात घ्यावी. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त जोराचे असले तर कॅबिनेटच्या आत दाब किंचित वाढतो आणि धूळ फटींतून शिरण्याऐवजी जाळीवरच अडकते. ती जाळी काढून धुता येते. खोलीतला पाण्याचा कूलर उपयोगी आहे, फक्त त्याचा झोत थेट यंत्रावर नको. आपल्या जड पाण्याच्या तुषारांतले क्षार धुळीत मिसळून बोर्डवर बसले तर दमट दिवसांत त्यातून वीज झिरपते.

वेगाच्या बाबतीत ब्रँडेड यंत्रांची एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्यांत अनेकदा रॅमची एकच पट्टी असते. प्रोसेसर एका वेळी दोन मार्गांनी रॅमशी बोलू शकतो. डीडीआर४ जातीच्या ३२०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती वाहते, दोन पट्ट्यांतून ५१.२. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यावरचे चित्रही याच रॅममधून येते, त्यामुळे दुसरी पट्टी बसवली की फरक डोळ्यांना दिसतो. १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्याव्यात. अर्थात २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मागणी वाढवल्यामुळे रॅमचे भाव भडकले आहेत. असेंबल म्हणजे स्वस्तच, हे आता गृहीत धरता येत नाही. दोन्हींची कोटेशने एकाच दिवशी घ्यावीत.

खरेदी झाल्यावर जबाबदारी कुणाची, हा यापुढचा प्रश्न. वऱ्हाडी माणसाला अभिमान वाटावा असे याचे एक मोठे उदाहरण आहे. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेचे तयार क्रे महासंगणक हवे तसे मिळेनात. म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिची धुरा होती डॉ. विजय भटकर यांच्याकडे. मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे भटकर म्हणजे आपल्या शेजारचेच. १९९८ मध्ये वाशिम जिल्हा वेगळा होईपर्यंत मूर्तिजापूर आणि मंगरूळपीर एकाच अकोला जिल्ह्यात होते. भटकरांच्या चमूने ट्रान्सप्युटर नावाच्या, बाजारात मिळणाऱ्या ब्रिटिश चिपा एकमेकींना जोडून १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. सुट्या भागांचा महासंगणक. पण चिपा जोडल्या म्हणून तो चालला नाही. एकच काम अनेक चिपांना वाटून देणारे सॉफ्टवेअर त्यांना स्वतः लिहावे लागले. बिघाड झाला तर शोधायचा कुणी, याचे उत्तर त्यांच्याकडे तयार होते: आम्हीच.

घरच्या असेंबल यंत्रालाही हेच उत्तर लागते. यंत्र मध्येच गोठते. दोष रॅमचा, बोर्डचा की एसएमपीएसचा? प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळ्या कंपनीची आणि वेगळ्या मुदतीची. प्रोसेसर आणि बोर्डला बहुधा तीन वर्षे, रॅमला त्याहून जास्त. पण दोषी भाग ओळखून तो सेवा केंद्रापर्यंत पोहोचवणार कोण? गावातला दुकानदार जाणता असेल, किंवा घरातल्या मुलीला स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसण्याची हौस असेल, तर असेंबलसारखा आनंद नाही. भाग जोडताना ती जे शिकेल ते कुठल्याही क्लासमध्ये मिळणार नाही. फक्त कोरड्या हवेत आधी अर्थिंग असलेल्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. तीनएक हजार व्होल्टच्या खालचा झटका माणसाला जाणवतही नाही, पण काही चिपा त्याहून कितीतरी कमी दाबाने मरतात.

अशी हौस कुणाला नसेल आणि काम अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, हिशेब एवढेच असेल, तर तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीचा कंपनीचा टॉवर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र पैसे देण्याआधी आपला पिनकोड सांगून विचारावे की इंजिनिअर घरी येईल की यंत्र घेऊन आपल्यालाच जावे लागेल. हेही विचारावे की त्यातला एसएमपीएस एटीएक्स मापाचा आहे की कंपनीच्या स्वतःच्या आकाराचा. तो स्वतःच्या आकाराचा असेल तर वॉरंटी संपल्यावर जळालेल्या एका डब्यापायी अख्खे यंत्र पडून राहते. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या स्टुडिओवाल्याचा मार्ग निराळा. त्याला ग्राफिक्स कार्ड लागणार, भाग वरचेवर बदलावे लागणार, त्याने असेंबलच करावे. अमरावती-पुण्याला वसतिगृहात जाणाऱ्या मुलांसाठी लॅपटॉप. बॅटरी आतच असल्याने त्याला वीज गेल्याचे दुःख नाही.

कार्यालयांतून निघालेले जुने ब्रँडेड डेस्कटॉप स्वस्तात मिळतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि विंडोज ११ साठी साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. एवढे पाहून मगच तिकडे वळावे. हार्ड डिस्क असलेले यंत्र घेतले तर ती काढून एसएसडी लावावी. फिरत्या तबकडीवरची माहिती शोधायला दहाएक मिलिसेकंद जातात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतका वेळही पुरतो. जुने यंत्र नव्यासारखे वागते, ते याने.

असेंबल ठरलेच तर बिलावर प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्यावा, एसएमपीएसचासुद्धा. 'मदरबोर्ड, १ नग' असे बिल वॉरंटीला चालत नाही. विंडोजचा परवाना बिलात वेगळा दिसला पाहिजे, नाहीतर लिनक्स टाकून घ्यावे. यंत्र घरी आणण्याच्या आदल्या दिवशी वायरमनला बोलवून त्या प्लगवर मल्टीमीटर लावायला सांगावा. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत आकडा आला तर प्लग ठीक. न्यूट्रल-अर्थचा आकडा जास्त आला, तर आधी अर्थिंगचा खड्डा, मग कॉम्प्युटर.