पाणमोट फुटल्यावरची दोन मापं

सोनोग्राफीवर बाळाचं वजन कसं काढतात, ते या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या वेळी. लांज्याहून एका आशाताईंनी विचारलंय : आठव्या महिन्यात पाणी गेलं, कळा मात्र नाहीत, तर बाळंतपण कधी होणार हे सोनोग्राफीत दिसतं का? हा माझा इतका आवडीचा विषय आहे की वजनाला थांबावंच लागेल.

ताई, तास-वार दिसत नाही. सदतीस आठवड्यांच्या आत पाणमोट फुटलेल्यांपैकी साधारण निम्म्याजणी आठवड्याच्या आत बाळंत होतात. आपली बाई कोणत्या निम्म्यात, याचा अंदाज दोन मापांवरून येतो.

पहिलं माप पाण्याचं. पोटाचे चार भाग कल्पून प्रत्येकातल्या सर्वांत खोल साठ्याची उभी उंची मोजायची आणि बेरीज करायची. ती ५ सेंटीमीटरांच्या खाली गेली तर पाणी कमी. घरची मंडळी घाबरतात, की सगळं वाहून गेलं, आता बाळ कोरडं पडलं. पण या दिवसांत गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी. ती तयार होतच राहते, म्हणून आजचा आकडा परवा वाढलेलाही दिसू शकतो.

दुसरं माप गर्भपिशवीच्या तोंडाच्या लांबीचं. ते आतून केलेल्या सोनोग्राफीत, लघवी करून आल्यावर घ्यायचं. सहाव्या महिन्याच्या सुमाराला ही लांबी सरासरी ३५ मिलिमीटर असते. पाणी गेल्यावर ती २० च्या वर आणि पाण्याची बेरीज ५ च्या वर असेल, तर आठवडा निघण्याची शक्यता चांगली असते. दोन्ही मापं मिळून जो भरवसा देतात, तो एकट्या मापाने येत नाही. उलट आकडे वाईट आले म्हणून बाळंतपण उद्याच होईल असंही नाही. अशा बायकाही कधी कधी दोन-तीन आठवडे काढतात.

आतून सोनोग्राफी केली तर जंतू शिरतील, ही भीती डॉक्टरांनाही होती. १९९७ साली अमेरिकेत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून ते तपासलं गेलं. संसर्ग वाढला नाही. बोटांनी वारंवार तपासणं मात्र टाळायलाच हवं. त्याने बाळंतपण लवकर ओढवतं.

एवढा आटापिटा कशासाठी, तर बाळाच्या फुफ्फुसांच्या इंजेक्शनसाठी. आईला दिलेल्या या इंजेक्शनचा बाळाच्या फुफ्फुसांना होणारा फायदा ऑकलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवून दिला. आपल्याकडे डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, असे चार डोस देतात. पहिल्या डोसनंतर एक ते सात दिवसांत बाळंतपण झालं तर फायदा सर्वांत जास्त. म्हणून वेळेचा अंदाज हवा.

आणि गर्भाच्या दिवसांचाच अंदाज चुकला तर काय होतं, हे नागपूर आणि बेळगावच्या परिसराने पाहिलंय. ही दोन्ही ठिकाणं सहा देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात होती. खेड्यापाड्यांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपर्यंत हे इंजेक्शन पोहोचवलं गेलं. दिवस नक्की माहीत नसले तर पोटाला टेप लावून ते ठरवायचे. २०१५ साली निकाल आला : ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यातल्या बहुतेकींची बाळं तेवढी लहान नव्हतीच, आणि एकूण नवजात मृत्यू हजारी साडेतीनने वाढले. पुढे दुसऱ्या अभ्यासात, ज्यात बेळगाव पुन्हा होतं, सोनोग्राफीने दिवस पक्के करून, सोय असलेल्या रुग्णालयांत तेच औषध दिलं. २०२० च्या निकालात नवजात मृत्यूंचं प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आलेलं दिसलं. माझ्या मते गर्भवतीच्या सोनोग्राफीचं महत्त्व याहून स्पष्ट कुठेच दिसत नाही.

अशा सोयीच्या रुग्णालयासाठी आपल्याला कोल्हापूर गाठायचं तर आंबा घाट ओलांडावा लागतो. कमी दिवसांच्या बाळाला तो आईच्या पोटातूनच ओलांडू द्यावा; पेटीतून नेण्यापेक्षा ते केव्हाही सुरक्षित. मापं बरी आली तर या प्रवासाला अवधी आहे असं समजावं, पण बाईला घरी मात्र पाठवू नये. ताप, वास येणारं पाणी, बाळाचे वाढलेले ठोके यांतून संसर्ग ओळखायचा असतो. पिशवीच्या तोंडाची लांबी त्याबद्दल काही सांगत नाही.

तेव्हा ताई, तुमच्या वाडीतल्या प्रत्येक गर्भवतीची पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी करून घ्या आणि तो कागद तिच्या कार्डातच ठेवा. पाणी गेलं तर किती वाजता गेलं ते त्यावर लिहा आणि लगेच १०८ ला फोन करा.