खेळातले दार कसे उघडते?

संगणकावरच्या 'रोल-प्लेइंग' खेळांत खेळणारा एखादा वीर किंवा जादूगार बनून कल्पित राज्यात हिंडत असतो. तेथे किल्ली लावली की दार उघडते, पेटीत नाणी सापडतात, दिवा लावला की भुयार उजळते. पडद्यावरच्या चित्राला हे सारे कसे कळते? उत्तरासाठी आपण आधी घाटकोपरच्या मेट्रो स्थानकात जाऊ.

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. तिच्या प्रवेशफाटकाच्या दोनच अवस्था मानू : 'बंद' आणि 'खुले'. योग्य तिकीट दाखवले की बंद फाटक खुले होते; प्रवासी आत गेला की पुन्हा बंद होते. तिकिटावाचून ते बंदच राहते. म्हणजे सध्याची अवस्था, घडलेली घटना आणि पुढची अवस्था एवढ्यावरून फाटकाचे वर्तन पूर्णपणे सांगता येते. अशा मांडणीला 'सांत अवस्था यंत्र' म्हणतात.

खेळातले दारही असेच असते. ते 'कुलूपबंद', 'लोटलेले' की 'उघडे', आणि त्याला कोणती किल्ली चालते, याची नोंद संगणकाच्या स्मृतीत असते. नोंद कशाने बदलावी याचे नियमही तिला जोडलेले असतात. माहिती आणि तिच्यावरील क्रिया अशा एकत्र बांधण्याची कल्पना नॉर्वेच्या ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगार्ड यांच्या 'सिम्युला ६७' या संगणकभाषेत प्रथम स्पष्टपणे दिसते.

चित्र हे या नोंदीचे केवळ दृश्य रूप. अमेरिकेत विल्यम क्राउदर यांनी १९७० च्या दशकात लिहिलेल्या गुहेच्या साहसखेळात चित्र एकही नव्हते, सगळा खेळ शब्दांतच चाले. तरीही त्यातला दिवा लावता येई आणि किल्ल्या उचलता येत.

मग खेळातली प्रत्येक वस्तू हाताळता का येत नाही? प्रत्येकी दोन अवस्थांच्या १० वस्तू घेतल्या, तर २^१० म्हणजे १,०२४ परिस्थिती संभवतात. २० वस्तूंच्या १०,४८,५७६! म्हणून पुष्कळ वस्तू नुसत्या देखाव्यापुरत्या असतात. लाकडी दाराला मशाल लावली आणि जळण्याचा नियम लिहिलेला नसेल, तर दार जळत नाही. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या जपानी खेळात यावर एक उपाय दिसतो. तेथे नियम पदार्थांच्या गुणधर्मांना जोडले आहेत : गवत व लाकूड पेट घेते, धातू वीज ओढून घेतो. त्यामुळे प्रत्येक वस्तूसाठी वेगळा नियम लिहावा लागत नाही.

वर्गात हे करून पाहता येईल. कुलूप, नळ, पंखा यांच्या अवस्था, घटना आणि पुढची अवस्था यांचा तक्ता विद्यार्थ्यांना करू द्यावा. मग विचारावे : खेळातले दार जळत नाही, तेव्हा नियम कोणी ठरवला? आणि खरे लाकूड जळते, तेव्हा? पहिला नियम माणसाने लिहिलेला असतो, तो बदलता येतो. दुसरा प्रयोग करून शोधावा लागतो. हा फरक मुलांच्या लक्षात आला, तर खेळात गेलेला वेळ विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडला असे आपण म्हणू.