शिक्षक व विद्यार्थी : नात्याचा विचार

माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा मुंबईबाहेरही अनेकांस ठाऊक आहे. जॉन बॉस्को (१८१५–१८८८) हे इटलीतील तुरीन येथील धर्मगुरू. कामाच्या शोधार्थ शहरात आलेल्या गरीब व अनाथ मुलांना त्यांनी शिकविले. चूक घडल्यावर दंड करण्यापेक्षा मुलांच्या सहवासात राहून ती घडूच न देणे, ही त्यांची पद्धती. मे १८८४ मध्ये रोमहून संस्थेस धाडलेल्या पत्रात मात्र त्यांनी खंत व्यक्त केली. पूर्वी शिक्षक मुलांत मिसळून खेळत. आता ते आपसांत बोलत फिरतात आणि काही मुले खांबांना टेकून उदास उभी राहतात. शिक्षकांच्या मनात माया नव्हती असे नव्हे. ती मुलांच्या प्रत्ययास येत नव्हती.

याच प्रश्नाचा विचार मार्टिन बूबर या ज्यू तत्त्वज्ञाने निराळ्या वाटेने केला. १९२३ च्या आपल्या जर्मन ग्रंथात ते सांगतात की, मनुष्य समोरच्यास एक तर 'ते' मानतो, नाहीतर 'तू'. हजेरीपटावर मूल 'ते' असते. त्यावाचून कारभार चालत नाही, हे बूबरही मान्य करतात. परंतु तेथेच थांबले तर नाते उरत नाही. १९२५ च्या व्याख्यानात त्यांनी आणखी एक मर्म सांगितले. शिक्षक आपले विद्यार्थी निवडीत नाही. वर्गात जे समोर असतील ते त्याचे. आपले शिकविणे मुलाच्या बाजूने कसे लागते, हे शिक्षकाने अनुभवावयाचे असते. मुलाकडून तशी अपेक्षा करता येत नाही.

आपल्याकडे ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबाचे मूल उन्हाळ्याच्या तोंडी वर्गात परत येते. "इतके दिवस कोठे होतास?" हा हजेरीपटाचा प्रश्न झाला. जाण्याचा निर्णय त्या मुलाचा नव्हताच. त्याला तो आरोप वाटतो, आणि दुसऱ्या दिवशी ते येत नाही. त्याऐवजी फड कोठे होता, धाकट्या भावंडास कोण सांभाळी, गाडीत मोळ्या किती भरत, हे विचारावे. पाढे विसरले असतील तर ते पक्के करून घ्यावयाचेच. मायेच्या नावाखाली सूट देणे हा मुलाचा अपमान होय. परंतु मोळ्यांचा हिशेब त्याला वर्गातील इतरांपेक्षा चांगला येतो. एका मोळीत वीस ऊस, तर सात मोळ्यांत किती, हे त्याने फळ्यावर मांडावे आणि इतरांनी पाहावे.